राजासॉरसला पाठ्यपुस्तकात जागा द्या

महोदय,

टी-रेक्सची माहिती मुलांना तोंडपाठ असते, पण आपल्याच मातीतला मांसाहारी डायनासोर राजासॉरस त्यांना ठाऊक नसतो, याची खंत वाटते. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रहियोलीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी १९८०च्या दशकात त्याची हाडे गोळा केली. कोणते हाड नेमके कुठे पडले होते, याचा नकाशाही त्यांनी काढून ठेवला. त्या काटेकोर नोंदींमुळेच पुढे ते तुकडे जुळवता आले आणि २००३ मध्ये या प्राण्याचे बारसे झाले. कवटीवर मधोमध एकच बुटके शिंग! मादागास्करच्या माजुंगासॉरस या डायनासोरशी त्याचे जवळचे नाते, कारण दोन्ही भूभाग कधीकाळी जोडलेले होते.

राजासॉरसची हाडे ज्या लॅमेटा नावाच्या खडकथरांत सापडली, त्याच थरांत, चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, महाकाय शाकाहारी डायनासोरची हाडे मिळाली आहेत. तिथल्या अश्मीभूत विष्ठेत तर गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले. रहियोलीत संग्रहालय उभे राहिले. आपल्या सरकारनेही पिसदुऱ्याचे जतन मनावर घ्यावे आणि विज्ञानाच्या पुस्तकात राजासॉरसला निदान एक पान द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वरोरा