निवडकर्त्यांना आधी आमच्या मुरमावर पाठवा

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

शालेय हॉकीला निदान शिडी आहे. जिल्हा, विभाग, राज्य. शाळांच्या नेहरू चषक हॉकी स्पर्धेत १५ वर्षांखालचा एखादा संघ याच पायऱ्या चढत राष्ट्रीय फेरीपर्यंत पोचू शकतो. नाशिक विभागात हरलो तर कुठे आणि कोणाकडून हरलो ते कळतं, विषय मिटतो. निमंत्रितांच्या स्पर्धा आणि त्यांच्या निवड शिबिरांचं तसं नाही. तिथे नावं ‘मागवली’ जातात, आणि ज्यांचे नंबर मागवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये आधीपासून आहेत त्यांच्याकडूनच. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या किती क्रीडाशिक्षकांचे नंबर त्या मोबाईलमध्ये असतील, याचा अंदाज आपणच करावा.

मी शहादा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका चाचणीचा निरोप फिरत फिरत रात्री आमच्या ग्रुपवर आला. हजेरी परवा सकाळी सात वाजता, पुण्यात. शहाद्याहून पुणं चारशे किलोमीटरच्या वर. धडगावकडच्या मुलीला त्याआधी घाट उतरून शहाद्याला यायचं असतं. त्यात आधार, जन्मदाखला, बोनाफाईड एवढं सगळं एका दिवसात गोळा करायचं आणि नेमके मुख्याध्यापक रजेवर. तरी गेलो.

तिथे जे पाहिलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण फायलीत ते येत नाही. पाणी मारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू जमिनीलगत, सरळ आणि सुसाट येतो. आमच्या मुरमावर तो खड्याला लागून कुठेही उडतो. म्हणून आमच्या मुली हात सैल सोडतात, स्टिक अंगाजवळ ठेवतात, चेंडू कुठे उडतोय ते शेवटच्या क्षणापर्यंत बघतात आणि मग दाबतात. मुरमावर हीच हुशारी. टर्फवर तोवर चेंडू स्टिकखालून निघून गेलेला असतो. माझ्या मुलींनी टर्फवर पहिलं पाऊल ठेवलं ते चाचणीच्याच दिवशी. निवडकर्त्याच्या वहीत ‘फर्स्ट टच कच्चा’ (आलेला चेंडू पहिल्या स्पर्शात थांबवता येत नाही) असं लिहिलं गेलं असेल, हे मी वही न बघता सांगू शकतो. त्यातल्या एकीने दहाएक मिनिटांत स्टिक पुढे आणली आणि लागोपाठ दोन चेंडू अलगद थांबवले. तेवढ्यात शिट्टी झाली, पुढची तुकडी आत. नवं मैदान इतक्या लवकर अंगवळणी पाडणारी पोरगी गुणवान नाही, तर मग गुणवान कोण? पण ते कळायला तिला दुसऱ्यांदा बघावं लागतं. यादी लागली तिच्यात नुसती नावं होती. परतल्यावर तिच्या वडिलांनी एवढंच विचारलं, “सर, मनी पोरले कोणी दखं का?” (माझ्या पोरीला कोणी पाहिलं का?)

निवडकर्त्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. मुलं ढीगभर, वेळ थोडा, मग नजर आपसूक उंच आणि दांडग्या मुलांवर जाते. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षभराची वाढ फुकट मिळते. चौदाव्या वर्षी हा फरक फार मोठा असतो. (आमच्या पिढीत गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावली होती, तो घोळ वेगळाच.)

खेड्यातली मुलं सापडतच नाहीत, हेही मला पटत नाही. अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके फलटण तालुक्यातल्या खेड्यांतून भारतीय संघात गेल्याच ना? झारखंडच्या सिमडेगात बोकड बक्षीस लावून गावोगाव हॉकीच्या स्पर्धा होतात. त्याच जिल्ह्यातली सलीमा टेटे भारताची कर्णधार झाली. भारताचे माजी कर्णधार दिलीप तिर्की ओडिशातल्या सुंदरगढचे. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याची पोरं दमाला आणि पायाला त्यांच्यापेक्षा उणी नाहीत. डोंगर चढून रोज शाळेत येणाऱ्या पोराचा दम काढायला वेगळी ‘बीप टेस्ट’ (धावण्याची दमाची चाचणी) लागत नाही.

हॉकी संघटना स्वायत्त आहेत, असं उत्तर येईल. असू द्या. मैदानं, अनुदान आणि जिल्हा क्रीडा अधिकारी तर आपल्याच खात्याचे आहेत. निमंत्रितांच्या शिबिरासाठी सरकारी मैदान किंवा पैसा लागणार असेल, तर नावं जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फतही मागवली जावीत आणि निदान पंधरा दिवस आधी, ही अट आपण घालू शकता. कोणत्या गोष्टीला किती गुण, हे चाचणीआधी जाहीर व्हावं. जो नापास होईल त्याला त्याची गुणपत्रिका मिळावी. ज्याच्या स्वतःच्या अकादमीची मुलं मैदानात आहेत त्याने त्या दिवशी निवड समितीत बसू नये. हे खरं तर सांगावं लागू नये. टर्फ न पाहिलेल्या मुलांना चाचणीच्या आदल्या दिवशी तासभर तिथे खेळू द्या. खर्च पाण्याचा तेवढा.

सगळ्यात आधी मात्र एक निवडकर्ता आमच्या जिल्हा स्पर्धेला पाठवा. पूर्ण संघ जमत नसतील तर आश्रमशाळांच्या फाइव्ह-अ-साइड, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या, लढती लावू. २०१८ च्या युवा ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुलांनी आणि मुलींनी याच प्रकारात रौप्यपदक आणलं होतं, म्हणजे हा काही दुय्यम खेळ नव्हे. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने नंदुरबारला उतरता येतं, पुढे शहाद्यापर्यंत एसटी आहे. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेवढे दिवस टाळून कोणतीही तारीख कळवा.

आपला,
एक क्रीडाशिक्षक
ता. शहादा, जि. नंदुरबार