तीन नंबरचा कप

आमच्या लॅबचे प्रिय मामा,

सा. न. परवा पीएचडीची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचं नाव एका ओळीत आहे. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

तिसऱ्या वर्षीची ती दिवाळी आठवते? झिंक नायट्रेट आणि हेक्सामिन समप्रमाणात, ऑटोक्लेव्ह (घट्ट झाकणाचं दाबपात्र) ओव्हनमध्ये 90 अंशांवर, सहा तास. हेक्सामिन तापलं की त्यातून अमोनिया हळूहळू सुटतो, त्यामुळे झिंक ऑक्साइडचे स्फटिक निवांत वाढतात. उभ्या अक्षाच्या दिशेनं ते सगळ्यात वेगानं वाढतात, म्हणून सहा कडांच्या पेन्सिलीसारखे दांडे मिळतात. मला मात्र कधी दांडे, कधी चपट्या षटकोनी चकत्या मिळायच्या. एक्सआरडीत, म्हणजे पदार्थ ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, पीक्स जागच्या जागी, म्हणजे पदार्थ झिंक ऑक्साइडच. बिघडत होता तो आकार. पीएच पाहिला, नायट्रेटची नवी बाटली फोडली, ओव्हनवरही संशय घेतला. आकार दाखवणाऱ्या एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) नंबर महिन्यातून एकदा लागायचा आणि दर वेळी मी तोंड पाडून परत यायचे.

तुम्ही एवढंच विचारलंत, "ताई, कप कुठला होता?"

ऑटोक्लेव्हच्या आत बसणाऱ्या टेफ्लॉनच्या कपांवर तुम्ही टाकलेले नंबर मला तोवर उगाचचा सोपस्कार वाटायचे. तुमच्या कॅलेंडरवर रोज कोणी कुठला कप नेला ते पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. चकत्यांच्या सगळ्या तारखांना माझ्याकडे तीन नंबरचा कप होता, आणि माझ्या आधी तो सायट्रेटवाल्यांकडे, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे क्षार वापरणाऱ्यांकडे, असायचा. तुम्ही कप उजेडात तिरका धरलात. तळाच्या ओरखड्यांत पांढुरकी साय होती. "चहाच्या कपासारखा धुता तुम्ही लोक," म्हणालात आणि पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवलात.

पुढच्या खेपेला त्याच कपातून दांडे निघाले. मग मी मुद्दाम चिमूटभर सायट्रेट घातलं, तर पुन्हा चकत्या! सायट्रेट स्फटिकाच्या माथ्यावर चिकटतं, उभी वाढ अडते, मग तो आडवा पसरतो. हे पेपरांत मी वाचलेलंच होतं, पण स्वतःच्या कपावर शंका घ्यायचं सुचलं नव्हतं. (सरांनाही नाही, पण ते आपल्यातच राहू द्या.) प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यातूनच उभं राहिलं.

येत्या आठवड्यात पेढे घेऊन येते. आणि हो, गेल्या वर्षीचं कॅलेंडर रद्दीत टाकू नका, मला हवंय.

तुमची,
दोन नंबरच्या ओव्हनवाली ताई