पोस्टर जुने, पण छपाई कधीची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या चित्रपटांच्या पोस्टरांना लाखांचा भाव येतो, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्या खोट्या नसतात, पण अर्ध्याच असतात. पोस्टर ‘मदर इंडिया’चे आहे एवढ्यावर किंमत ठरत नाही. ते १९५७च्या पहिल्या प्रदर्शनासाठी छापले की पुढे चित्रपट पुन्हा लागला तेव्हा, यावर ठरते. चित्र तेच, नावे तीच, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. तो ओळखायचा कसा, हे बातमीत नसते.

सुरुवात खालच्या कडेच्या बारीक अक्षरांपासून करावी. छापखान्याचे नाव-गाव बहुधा तिथे असते. पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला तर ती छपाई १५ ऑगस्ट १९७२च्या आधीची असूच शकत नाही. पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी ‘बॉम्बे ४’, ‘बॉम्बे ७’ असे आकडे असत. ‘यूए’ प्रमाणपत्राची खूण असेल तर छपाई १९८३ किंवा त्यानंतरची. ‘मुगल-ए-आझम’ संपूर्ण रंगीत होऊन २००४ मध्ये पुन्हा झळकला, त्यामुळे त्याच्या पोस्टरवर रंगीत आवृत्तीचा उल्लेख आहे का, तेही पाहावे. ही कडच कापलेली असली की ‘फ्रेममध्ये बसवायला कापली’ असे उत्तर मिळते. कापली कशासाठीही असो, पुरावा गेला आणि भावही उतरला. आपल्याकडचे नेहमीचे पोस्टर साधारण ३० × ४० इंचांचे. टेप लावून मोजावे, दोन इंच कमी भरले तर विचारावे.

मग दहापट मोठे दाखवणारे भिंग. जुन्या लिथो छपाईत, म्हणजे दगडावर किंवा पत्र्यावर हाताने चित्र काढून केलेल्या छपाईत, रंगाचे दाणे वेडेवाकडे, खडूने घासल्यासारखे दिसतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून पत्रा बनवून केलेल्या नंतरच्या यांत्रिक छपाईत, ठिपक्यांची नेमकी, फुलासारखी रचना दिसते. घरगुती किंवा डिजिटल प्रिंटरचे ठिपके विखुरलेले, फवारल्यासारखे. आता १९७५च्या ‘शोले’च्या पोस्टरवर ऑफसेटचे ठिपके दिसले तर बिघडले काहीच नाही, त्या काळाला ते शोभतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या एखाद्या पोस्टरवर, चितारलेल्या भागातही तीच फुले दिसली तर मात्र खिसा सांभाळावा. १९४०च्या दशकातले म्हणून दाखवलेले पोस्टर अंधारात अतिनील टॉर्चखाली निळसर-पांढरे चमकले तरी तेच. कागद उजळ करणारी रसायने साधारण १९५० नंतर रुळली.

सर्वांत सोपी खूण घडीची. पोस्टरे घडी घालून गावोगावच्या थिएटरांना जात, म्हणून घडीच्या रेषा हा दोष नव्हे. जुन्या प्रतीचा फोटो काढून नवी छापली की त्या रेषा चित्रात उतरतात, पण बोट फिरवले तर कागद सपाट लागतो. घडी दिसते आणि लागत नाही, म्हणजे नक्कल. ‘हाताने रंगवलेले मूळ पोस्टर’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा. जी. कांबळे, दिवाकर करकरे यांच्यासारखे चित्रकार रंगवत ते छपाईसाठीचे मूळ चित्र. भिंतीवर लागे ते छापील. त्यावर सही असलीच तर तीही छापलेलीच.

किमतीचे खरे मातेरे होते ते घरात. लॅमिनेशन, सेलोटेप आणि प्लायवूडवर फेव्हिकॉलने चिकटवणे, या तिन्हींनी उत्तम प्रतही बाजारातून बाद होते. लॅमिनेशन सोडवताना शाई निघते, आणि टेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो, तो पुढे जाता जात नाही. फाटलेली प्रत जपानी टिश्यूवर आणि मग सुती कापडावर गव्हाच्या खळीने चढवता येते. ती खळ पाण्याने सुटते, म्हणून हा उपाय ग्राह्य. मात्र चढवण्याआधीचे मागचे-पुढचे फोटो मागून घ्यावेत, कारण कापडामागे भोके आणि नव्याने भरलेले रंग सहज लपतात. उन्हाने लाल-पिवळे आधी उडतात, म्हणून निळसर पडलेले पोस्टर उजेडात राहिलेले समजावे. पावसाळ्यात कसर लागते, तेव्हा ठेवायचे तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, पीव्हीसीच्या नको.

आता आकडे. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’चे (१९२७) पोस्टर २००५ मध्ये ६,९०,००० डॉलरना गेले. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’चे २०१७च्या लिलावात ५,२५,८०० डॉलरना. दोन्हींच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती ठाऊक आहेत आणि मागणारे जगभर आहेत. दोन्ही अटी एकदम लागतात. पडलेल्या चित्रपटाचे एकुलते एक पोस्टर दुर्मीळ खरे, पण गिऱ्हाईक नसेल तर दुर्मीळपणाला भाव नाही. उलट ‘शोले’ला गिऱ्हाईक उदंड आणि पोस्टरेही उदंड. शिवाय विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. लिलावाच्या जाहीर आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क बहुधा धरलेले असते, आणि विकणाऱ्याच्या हातात त्यातून कमिशन वजा होऊन पडते. बातमी देताना एवढा खुलासा केला तरी माळ्यावरचे गाठोडे घाईने विकणाऱ्यांचे आणि अवाच्या सवा मागणाऱ्यांचे, दोघांचेही भले होईल.

परदेशी गिऱ्हाईक मिळाल्यास आणखी एक. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात कलाकृतीसाठी शंभर वर्षांची अट आहे, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’च्या (१९२४) काळातला कागद आता त्या वयाला पोचला आहे. अशी वस्तू कुरिअरला देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून, ती पुरावस्तू ठरत नसल्यास तसे प्रमाणपत्र घ्यावे.

आपला,
एक संग्राहक वाचक, पुणे