दंड भरला, पण नोंद तशीच

महोदय,

परदेशातल्यासारखी गुणपद्धत (वाहतुकीचा नियम मोडला की चालकाच्या नावावर गुणांचा हिशेब) आपल्याकडे आणावी का, यावर अधूनमधून चर्चा झडते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ गुण साचले की साधारणपणे गाडी चालवायला बंदी येते, जर्मनीत ८ गुणांवर लायसन्स जातं. फ्रान्समध्ये उलटा हिशेब, तिथे १२ गुण हातात देतात आणि चुकीगणिक कापतात. पद्धत कोणतीही असो, आपण काठावर आहोत की सुरक्षित, हे तिथल्या चालकाला एका आकड्यात कळतं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गुण नाहीत. म्हणून लायसन्सवर काही साचतच नाही, दंड भरला की विषय मिटला, असं बहुतेकांनी धरून ठेवलं आहे. हा समज महागात पडतो.

कायद्याचं कलम २०० वाचावं. दंड भरून गुन्हा तडजोडीने मिटवण्याची सोय याच कलमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन अटी जोडल्या. पहिली, पैसे भरून मिटवलेला गुन्हासुद्धा ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जाईल, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्यांदा सापडलात असंच धरलं जाईल. दुसरी, दंड भरल्याने कलम २०६ (४) खालची कारवाई टळणार नाही. हे २०६ (४) म्हणजे पोलिसाने लायसन्स ताब्यात घेऊन निलंबनासाठी आरटीओकडे पाठवणं. त्यात वेगमर्यादा मोडणं (१८३), धोकादायक चालवणं (१८४), दारू पिऊन चालवणं (१८५), शर्यत लावणं (१८९), धोकादायक स्थितीतली गाडी रस्त्यावर आणणं (१९०), तिघांनी दुचाकीवर बसणं (१९४ सी), हेल्मेट नसणं (१९४ डी) आणि रुग्णवाहिकेला वाट न देणं (१९४ ई) येतं. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र ठरवू शकतो, दुसऱ्याला लायसन्स रद्दच करू शकतो.

हेल्मेटचंच पाहा. महाराष्ट्रात त्याचा दंड ५०० रुपये. रक्कम किरकोळ म्हणून लोक फोनवरून भरून मोकळे होतात. पण त्याच कलमात दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रताही लिहिलेली आहे.

तेव्हा ई-चलान आलं की रकमेआधी कलम बघा. नो-पार्किंग किंवा सीटबेल्टचं कलम २०६ (४) च्या यादीत नाही. सिग्नल मोडल्याचं चलान मात्र कलम ११९ आणि १७७ खाली आहे की १८४ खाली, हे नीट वाचावं. १७७ असेल तर किरकोळ दंड. १८४ असेल तर ते धोकादायक चालवणं झालं. २०१९ पासून लाल दिवा ओलांडणं, हातात मोबाइल धरून चालवणं आणि उलट्या दिशेने जाणं ही सगळी १८४ मध्ये बसतात, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

आता तपासायचं कसं. चलान गाडीच्या नंबरावर पडतं आणि निलंबन लायसन्सवर, त्यामुळे दोन ठिकाणी बघावं लागतं. गाडीची चलानं राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर आणि परिवहन सेवेच्या ई-चलान पानावर गाडीचा नंबर टाकून दिसतात, सोबत चॅसी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे लागतात. दोन्हीकडे पाहिलेलं बरं, दुसऱ्या राज्यात झालेलं चलान एकीकडे दिसतं, दुसरीकडे नाही. लायसन्सची सद्यस्थिती परिवहन सेवेच्या ‘सारथी’ या लायसन्सच्या संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून कळते. गाडीच्या आणि लायसन्सच्या अशा दोन्ही नोंदींतला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हेही बघून घ्या. जुना नंबर राहिला की संदेश भलत्याच्याच हातात जातो आणि तुमच्या नावावर चलानं साचत राहतात. (व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, ती फसवणूक असते.)

चलान चुकीचं वाटलं तर आधी पैसे भरू नका. पैसे भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं, नंतर हरकत घ्यायला जागाच उरत नाही. आधी फोटो मोठा करून पाहा. पाटीवरचा ८ आणि इंग्रजी बी, शून्य आणि डी यांची गल्लत कॅमेरा सर्रास करतो. गाडीचं मॉडेल, रंग, पाटीची जागा, आरसा तुटलेला की धड, असं एकेक जुळवा. नंबर तुमचाच पण गाडी दुसरीच असेल तर कोणी तुमच्या नंबराची बनावट पाटी लावली आहे. तिथे नुसती ऑनलाइन हरकत पुरत नाही, पोलिसांत लेखी तक्रार देऊन तिची प्रत जपून ठेवा, कारण तोच माणूस पुन्हा सापडेल आणि चलान पुन्हा तुम्हालाच येईल. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ प्रमाणे नोटिशीत तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेलं कलम आणि वेगाच्या प्रकरणात उपकरणाने मोजलेला आकडा असायला हवा. यातलं काही गाळलेलं असेल तर हरकतीत तेच पहिलं लिहा.

जुनी गाडी विकणाऱ्यांचा घोळ वेगळाच असतो. चावी दिली, पैसे घेतले, गाडी विकल्याचं आरटीओला कळवणाऱ्या फॉर्म २९ वर सही केली, पुढचं सगळं एजंटवर सोडलं. राज्यांतर्गत विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव चढेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. गाडी मुलाने किंवा भावाने चालवली असेल, तर कलम १३३ प्रमाणे विचारणा झाल्यावर चालकाचं नाव-पत्ता देणं मालकाला बंधनकारक आहे. गप्प बसलात तर सगळं मालकाच्या माथी.

आरटीओची नोटीस आलीच तर तारखेला जा. म्हणणं मांडायची संधी कायद्याने दिली आहे, ती न वापरता लोक नोटीस कपाटात ठेवतात. लेखी उत्तर द्या, त्यात चलान क्रमांक आणि त्या वेळी गाडी कोणाच्या हातात होती याचा पुरावा जोडा आणि पोच घ्या. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबनाच्या काळात मात्र गल्लीतसुद्धा गाडी चालवू नका. कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यातच अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कायदेशीर कारण मिळतं. मुदत संपल्यावरही लायसन्स आपोआप परत मिळत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट घातली आहे.

लायसन्सवर शेरा (गुन्ह्याची नोंद) बसला म्हणून डुप्लिकेट काढण्याची युक्ती चालत नाही. कलम २५ प्रमाणे शेरा नव्या लायसन्सवरही उतरतो. तो पुसायचा रस्ता त्याच कलमात आहे. सलग तीन वर्षं नवा शेरा बसला नाही तर जुनं लायसन्स जमा करून कोरं लायसन्स मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. शेरा फक्त वेगमर्यादेचा असेल तर एकच वर्ष. अपात्रतेचा काळ या मुदतीत धरत नाहीत, एवढं लक्षात ठेवून तारीख काढा. कायद्यात याची फी पाच रुपये लिहिली आहे, पण हा हक्क बजावायला येणारे फार थोडे.

परिवहन विभागाला एकच सुचवायचं आहे. ई-चलानाचे पैसे भरण्याच्या पानावर, बटणाच्या वरच, दोन ओळी छापाव्यात: हे कलम २०६ (४) मध्ये येतं की नाही, आणि या लायसन्सवर हा कितवा गुन्हा. ही माहिती देण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि गुणपद्धतीची वाटही पाहावी लागत नाही.

– एक वाचक, मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालक