‘किरकोळ जखमी’ हे दोन शब्द जपून वापरावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या बायपासवरील नवले पुलाच्या परिसरात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात मृतांची संख्या ठळक अक्षरांत येते आणि बातमीच्या शेवटी ‘अन्य चौघे किरकोळ जखमी झाले’ असे एक वाक्य असते. नोव्हेंबर 2022 मध्ये उतारावर ताबा सुटलेल्या मालट्रकने अनेक वाहने चिरडली तेव्हाही असे वाक्य मी वाचले होते आणि पान उलटले होते. पुढे आमच्याच कुटुंबातील दोघींची नोंद एका पोलीस चौकीतील कागदावर ‘किरकोळ जखमी’ अशी झाली. त्या दोन शब्दांची किंमत आम्ही अजून मोजत आहोत, म्हणून हे पत्र.

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून मी गाडी वडगावच्या दिशेने उतारावर आणत होतो. शेजारी पत्नी आणि मागे माझ्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई बसल्या होत्या. पुढची वाहने थांबली म्हणून मीही थांबलो आणि मागून आलेल्या पिकअप टेम्पोने आम्हाला धडक दिली. डिकी आत गेली, काचा फुटल्या. मात्र तिघेही आपापल्या पायांनी खाली उतरलो. सासूबाईंचे डोके गाडीच्या दाराजवळच्या खांबावर आपटले होते, पण रक्त आले नव्हते. पत्नीला तर काहीच झाले नव्हते, असे तिचेही म्हणणे होते. टेम्पोचालक तरुण होता आणि हात जोडत होता. जवळच्या एका रुग्णालयात वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, एक्स-रे ‘नॉर्मल’ आला आणि चौकीत ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ अशा जबाबावर आम्ही सह्या केल्या. आपसात मिटवणे हाच सभ्यपणा आहे, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीला मान वळवता येईना. मागून धडक बसते तेव्हा आसनासोबत धड पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग झटक्याने पुढे येते. या हिसक्यात मानेचे स्नायू व अस्थिबंध (लिगामेंट) ताणले जातात. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. सूज चढायला वेळ लागत असल्याने दुखणे अनेकदा एक-दोन दिवसांनी सुरू होते. बहुतेकांचे काही आठवड्यांत ओसरते, काहींचे मात्र महिनोन्महिने रेंगाळते. पत्नीच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पुढे एमआरआय काढला तेव्हा मानेतील चकती सरकून नस दाबली जात असल्याचे कळले. ती घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत यंत्रावर बसणारी बाई आता सलग अर्धा तास मान खाली घालू शकत नाही.

सासूबाईंचे दुखणे याहून गंभीर निघाले आणि ते ओळखायला आम्हाला तीन आठवडे लागले. वयानुसार मेंदूचे आकारमान थोडे कमी होते, कवटी व मेंदू यांमधील बारीक रक्तवाहिन्या ताणलेल्या राहतात आणि आपटल्यावर त्यांतून रक्त अगदी हळूहळू झिरपत राहू शकते. सासूबाईंना हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. अशा रुग्णांत हा धोका वाढतो. त्या शब्द विसरू लागल्या, चालताना एका बाजूला झुकू लागल्या आणि आम्ही ‘वय झाले’ म्हणत राहिलो. शेवटी सीटी स्कॅनमध्ये रक्ताचा थर दिसला आणि कवटीला छिद्रे पाडून तो काढावा लागला. त्या वाचल्या. पण अपघाताच्या दिवशीच्या कागदावर त्यांच्या डोक्याचा उल्लेखच नव्हता. पुढे भरपाईच्या दाव्यात टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलांनी नेमके तेच विचारले: हा रक्तस्राव अपघाताचाच कशावरून, घरी पडल्या नसतील कशावरून?

अशा आणखीही काही इजा आहेत, ज्या पहिल्या दिवशी दगा देतात. सीटबेल्टचा पोटावर उमटलेला निळा वळ दिसला तर आतडे किंवा प्लीहा दुखावलेली असू शकते आणि पोटदुखी काही तासांनी वाढू शकते. गुडघा डॅशबोर्डवर आपटला तर गुडघ्यातील अस्थिबंध तुटू शकतो, कधी खुब्याचा सांधाही निखळतो. हात टेकून स्वतःला सावरताना मनगटातील एक लहान हाड मोडते. पहिल्या एक्स-रेत ते दिसतेच असे नाही, म्हणून दुखणे राहिल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. महामार्गावर पुन्हा गाडी चालवण्याची धास्ती आणि झोप उडणे हीसुद्धा इजाच आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

भरपाईकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा. भरपाई मागणे म्हणजे त्या तरुण चालकाच्या पोटावर पाय देणे, असे आमच्या घरातही बोलले गेले. प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा, म्हणजे त्या वाहनामुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे तो याच प्रसंगासाठी. विमा वैध असेल आणि त्याच्या अटी पाळल्या गेल्या असतील तर निवाड्याची रक्कम विमा कंपनी भरते. तक्रार नाही असे लिहून देऊन आपण चालकावर उपकार करत नाही, फक्त आपल्या हातातला कागद दुबळा करतो. असा जबाब दिला म्हणून हक्क संपतो असे मात्र नाही. खबर उशिरा नोंदवली एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या एका निकालात सांगितले आहे. आम्ही सासूबाईंच्या शस्त्रक्रियेनंतर रीतसर फिर्याद दिली ती एका ज्येष्ठ वकिलांनी हा निकाल दाखवल्यावरच.

मुदतीबाबत मात्र गाफील राहून चालणार नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या आणि भरपाईच्या प्रकरणांपुरत्या 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. तरीही त्या भरवशावर कोणी थांबू नये. अर्ज अपघात घडला तेथे किंवा अर्जदार राहतो तेथे करता येतो, त्यामुळे साताऱ्याजवळ अपघात झालेल्या पुणेकराने शिवाजीनगरच्या न्यायालयात दावा लावला तरी चालतो.

त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांवरही स्पष्ट जबाबदारी टाकली आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून 48 तासांत प्राथमिक अहवाल न्यायाधिकरणाकडे जायला हवा, दहा दिवसांत जखमींना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा विहित नमुना मिळायला हवा, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल सादर व्हायला हवा. हा पोलीस अहवालच न्यायाधिकरण भरपाईचा अर्ज म्हणून विचारात घेऊ शकते. आम्हाला हक्कांचा तो नमुना कोणी दिला नाही. चौकीतील कर्मचारी उद्धट नव्हते, उलट त्यांनी आम्हाला पाणी दिले, खुर्च्या दिल्या. पण ‘किरकोळ’ असे लिहिल्यावर पुढचे सगळे टप्पे अनावश्यक ठरतात आणि माझा आक्षेप आहे तो येथे.

रकमेचा हिशेब कसा होतो, हे वाचकांना कळले तर कागद का जपायचे तेही कळेल. उपचारांचा खर्च, बुडालेले उत्पन्न, येण्याजाण्याचा आणि सोबतीला ठेवलेल्या बाईंचा खर्च, वेदनांबद्दलची रक्कम हे सारे त्यात येते. मोठा भाग असतो तो भविष्यातील कमाईच्या नुकसानीचा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्का आणि कमाई घटल्याचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात उलगडून सांगितले आहे: डावा हात गमावलेल्या माणसाचे अपंगत्व कागदावर साठ टक्के असले तरी तो चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कार्यालयात लेखनिक असेल तर तसे होत नाही. म्हणून पत्नीच्या मानेचा टक्का लहान दिसला तरी शिलाईकाम करणाऱ्या हातांच्या दृष्टीने तो तपासला जावा, असा आमचा आग्रह आहे. समजा महिन्याची कमाई 12,000 रुपये आणि कमाईतील घट 20 टक्के धरली तर वर्षाचे नुकसान 28,800 रुपये होते. 51 ते 55 या वयोगटाला सरला वर्मा प्रकरणातील 2009 च्या निकालानुसार 11 चा गुणक लागतो, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला 11 ने गुणतात आणि या एका सदराखाली 3,16,800 रुपये होतात. अपघाताच्या दिवशी आम्ही ज्या दुखण्याला मोजले नाही, त्याचा हा हिशेब आहे.

घरी काम करणाऱ्या स्त्रीची कमाई सिद्ध कशी करायची, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. तिच्या मापांच्या वह्या, गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, अस्तर आणि दोऱ्यांच्या दुकानाच्या पावत्या असे सगळे आम्ही जमवले. ज्या गृहिणी पैशासाठी काम करत नाहीत त्यांच्या घरकामालाही आर्थिक मूल्य आहे आणि त्यांचे काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत मान्य केले आहे. 2021 मधील कीर्ती प्रकरणात त्याची सविस्तर चर्चा आहे. ‘ती घरीच असते’ हे वाक्य दाव्यात कोणी लिहू नये.

मेडिक्लेम असलेल्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. मूळ बिले मेडिक्लेमकडे जातात आणि नंतर न्यायाधिकरणापुढे मूळ बिलांची विचारणा होते. बिले देण्यापूर्वी रुग्णालयाकडून प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि डिस्चार्ज कार्ड कधीही हातचे सोडू नये. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे. तेव्हा मेडिक्लेम मिळाला म्हणून दावा सोडण्याचे कारण नाही.

चूक आपल्याच गाडीच्या चालकाची असली तरी सर्व दारे बंद होत नाहीत. खासगी मोटारीची सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर आत बसलेले नातेवाईक भरपाई मागू शकतात. केवळ तृतीय पक्षाची स्वस्त पॉलिसी घेतलेली असेल तर ते संरक्षण मिळत नाही. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी दोन-चार हजार वाचवणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये देण्याची केंद्राची वेगळी योजना आहे. तसेच मे 2025 पासून रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोख उपचारांची तरतूद आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.

माझी एक चूक मला येथे नोंदवायची आहे. सासूबाईंनी मागच्या आसनावर पट्टा लावला नव्हता आणि मी त्यांना लावायला सांगितले नव्हते. ‘मागे कशाला?’ असे आपण सर्वजण म्हणतो, पण तो मागेही कायद्याने बंधनकारक आहे. विमा कंपनीने हा मुद्दा काढला आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की पंचनाम्यातील ‘किरकोळ’ हा शब्द त्यांनी जसाच्या तसा उचलू नये. ‘चौघांवर प्राथमिक उपचार करून घरी सोडण्यात आले’ एवढे लिहिले तरी ते खरे राहील आणि वाचणाऱ्या जखमीला आपले दुखणे खोटे वाटणार नाही. शहर व ग्रामीण पोलिसांना विनंती अशी की हक्कांचा तो नमुना मराठीत छापून प्रत्येक चौकीत ठेवावा आणि जबाबावर सही घेण्याआधी जखमीच्या हातात द्यावा. जमल्यास आपल्या वृत्तपत्राने बायपासवरील एखाद्या अपघातातील ‘किरकोळ’ जखमींना तीन महिन्यांनी पुन्हा भेटून त्यांची हकिकत छापावी. आमच्या घरी यायचे असल्यास सासूबाई आता बऱ्यापैकी बोलतात. फक्त दुपारी चारनंतर यावे, त्याआधी पत्नीची फिजिओथेरपी असते.

आपला,
एक वाचक
धायरी, पुणे