लॉकिंग प्लेट प्रत्येक हाताला लागतेच असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ऑर्थोपेडिकच्या ओटीत, म्हणजे हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, टेक्निशियन आहे. बाईकवरून पडून कोपर ते मनगटामधली दोन्ही हाडं मोडलेला पेशंट आला की नातेवाईक हमखास विचारतात, लॉकिंग टाकताय ना, पैशाचं आम्ही बघतो. (प्लेट म्हणजे मोडलेलं हाड जोडायला स्क्रूंनी बसवायची धातूची पट्टी, लॉकिंग हा तिचा महागडा प्रकार.) आणि मग कोणीतरी दागिने गहाण ठेवून ते पैसे आणतं, हे बघून वाईट वाटतं म्हणून हे पत्र.

साधी म्हणजे डीसीपी (डायनॅमिक कॉम्प्रेशन प्लेट, हाडाची टोकं एकमेकांवर दाबणारी) 1969 पासून वापरात आहे, काही जुनाट टाकाऊ वस्तू नाही. तिची भोकं लांबट आणि उतरती असतात, स्क्रू मुद्दाम फ्रॅक्चरपासून लांबच्या कडेला घेऊन आवळला की प्लेट सरकते आणि हाडाची दोन टोकं एकमेकांवर दाबली जातात, मधली फट डोळ्यादेखत मिटते. सरळ तुटलेलं, तरुण माणसाचं हाड असेल तर याहून जास्त काय पाहिजे? अशा फ्रॅक्चरमध्ये दोन्ही प्लेटांची तुलना करणारे अभ्यास झालेत आणि हाड जुळण्यात फारसा फरक दिसलेला नाही, नीट बसवली तर दोन्हीत 90 टक्क्यांच्या वर हाडं जुळतात.

लॉकिंगमध्ये स्क्रूचं डोकंच प्लेटमध्ये आटे धरून बसतं, त्यामुळे प्लेट हाडावर दाबून धरावी लागत नाही आणि हाडावरच्या आवरणाचा रक्तपुरवठा बराचसा वाचतो. म्हातारं ठिसूळ हाड, चुरा झालेला तुकडा, तिथे ती हवीच, तिथे काटकसर करू नका. पण पुढे प्लेट काढायची वेळ आली तर हेच स्क्रू कधीकधी इतके घट्ट बसलेले असतात की डोकं झिजतं, टायटॅनियमचे तर जास्तच, आणि ते ड्रिल करून काढावे लागतात. हे आधी कोणी सांगत नाही.

खरं बघायचं ते वेगळंच. रेडियसला, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, जो नैसर्गिक बाक असतो तो परत आला का, लांबी बरोबर झाली का, मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन स्क्रू पक्के बसलेत का. बाक चुकला तर तळहात पूर्ण उताणा होत नाही, मग प्लेट कितीही महागाची असो.

स्टेंट आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने 2017 साली मर्यादा घातली, तसाच विचार हातापायाच्या प्लेटा आणि स्क्रूंचाही व्हायला पाहिजे. तोवर हॉस्पिटलांनी निदान बिलात प्लेटचा प्रकार, धातू आणि प्रत्येक स्क्रूची किंमत वेगळी लिहावी, आणि नातेवाईकांनीही एक्सरे समोर ठेवून डॉक्टरांना विचारावं की आमच्या पेशंटला लॉकिंग कशासाठी.

आपला,
एक ओटी टेक्निशियन, सांगली