फेऱ्या ४१, अधिक कुत्र्याच्या ९

मा. संपादक,
स. न.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची छायाचित्रं आपल्या अंकात पाहिली. यवतेश्वरचा घाट चढणारी ती माणसं बघताना मला १९९३ सालची आमच्या शाळेची धाव आठवली आणि घरात एकटाच हसत सुटलो. त्या धावेविषयी सांगायचंय, आणि एक मागणीही करायचीय.

अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून लोक नुकते कुठे झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. त्या भागातली घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद, म्हणजे सपाट छत. झोपलेल्या माणसांवर तेच कोसळलं. आम्ही तेव्हा सहावीत होतो. शाळेने रविवारी मदतीसाठी धावायचं ठरवलं. वहीच्या कागदावर रेघा मारून पत्रक करायचं, पेठेत घरोघर जायचं, ‘मी मैदानाला एक फेरी मारली की तुम्ही किती द्याल?’ असं विचारायचं आणि आकड्यापुढे सही घ्यायची. बहुतेक लोक चार आणे किंवा आठ आणे लिहीत.

माझ्या जोडीला शेजारच्या वाड्यातला मित्र होता. अंगाने चांगला भरलेला, चाल संथ. खो-खोत त्याला कुणी घ्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारकाकांनी माझ्या पत्रकावर चार आणे लिहिले. मग त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मोठ्या खुशीत लिहिलं, ‘फेरीला २ रुपये’.

मित्राची आजी पाटण तालुक्यातली. कोयनेचा १९६७ चा भूकंप तिने सोसला होता. डिसेंबरच्या थंडीत लेकरं पोटाशी धरून उघड्यावर काढलेल्या रात्री ती सांगायची. ती म्हणाली, “पैसं न्हाईत माज्यापाशी. फेरीला एक भाकर लिव्ह.” आम्ही लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

रविवारी सकाळी फक्कीच्या रेघेवरून सगळी शाळा सुटली. मी जोरात निघालो, चौदाव्या फेरीला कुशीत कळ आली आणि बसलो. सरांनी मला पाटी-पेन्सिल देऊन मित्राच्या फेऱ्या मोजायला लावलं. तो डुलत डुलत, कुणाकडे न बघता, एकाच लयीत पळत होता. वीस झाल्या. पंचवीस झाल्या. मैदानात आम्ही दोघं-तिघं आणि सर एवढेच उरलो. तेवढ्यात कुठलंसं तांबडं कुत्रं आलं आणि त्याच्या बरोबरीने पळायला लागलं. वळणावर तो आत वळला की तेही आत वळायचं, तो दम खायला हळू झाला की तेही हळू व्हायचं. त्याची वेगळी नोंद ठेवावी असं मला वाटलं आणि मी पाटीच्या दुसऱ्या बाजूला रेघा ओढू लागलो.

तिसाव्या फेरीच्या सुमारास बातमी दुकानापर्यंत पोचली. काका मापाची पळी हातात तशीच घेऊन मैदानावर आले. आधी त्यांनी पाटी तपासली. मग कडेने चालत चालत मित्राला समजावू लागले, “बाळा, दमलास रे. पाणी पी. चल दुकानात, शेंगदाण्याची चिक्की देतो.” मित्र पळता पळता म्हणाला, “थांबा काका, आजीच्या भाकऱ्या वाढतायत.” सर एवढे हसले की त्यांच्या तोंडातली शिट्टी पडली.

एक्केचाळीस फेऱ्या झाल्यावर तो थांबला. लालबुंद चेहऱ्याने काकांपुढे उभा राहून त्याने अगदी मनापासून विचारलं, “कुत्र्याच्या नऊ धरायच्या का?” काकांनी त्याच्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, “धर. मुकं जनावर पळालं, मी काय मागे राहू?” पन्नास फेऱ्या, दोन रुपयांप्रमाणे शंभर. गल्ल्यातून शंभराची कोरी नोट आणून त्यांनी सरांच्या हातात ठेवली. सरांनी वहीत तसंच लिहिलं: विद्यार्थी ४१, कुत्रा ९.

त्या संध्याकाळी वाड्यात चार चुली पेटल्या. एकट्या आजीला एक्केचाळीस भाकऱ्या झेपणार कशा? माझी आई, मित्राची आई, वरच्या मजल्यावरच्या काकू, सगळ्या पीठ मळायला बसल्या. रात्री उशिरापर्यंत वाड्यात थापण्याचा आवाज होता. पहाटे मदतीच्या ट्रकमध्ये ती फडक्यात बांधलेली चळत आम्ही दोघांनी चढवली. किल्लारी कुठे आहे, माळवद म्हणजे काय, रात्री घर पडलं की माणसं कुठे जातात, हे सगळं मला त्या तीन-चार दिवसांत दारोदार हिंडताना कळलं. प्रत्येक दारात कुणीतरी विचारायचं, ‘कशासाठी रे?’ आणि आम्हाला सांगावं लागायचं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. माझ्या मुलीच्या शाळेने मदत गोळा केली, हे चांगलंच झालं. पण मोबाइलवर संदेश आला, मी पैसे पाठवले आणि विषय संपला. ती कुणासाठी, किती, कशाला, यातलं काहीच मुलीला माहीत नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. मोठ्यांच्या मॅरेथॉनमधूनही चांगल्या कामांना पैसा मिळतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलांनी दार वाजवून मागणं, आकडा लिहून घेणं आणि तो आपल्या पायांनी वाढवणं, हे त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

म्हणून विनंती अशी, की दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आठवड्यात शाळांनी फेऱ्यांचा एक दिवस ठेवावा. आपल्या दैनिकाने कोरं पत्रक छापावं, मुलं कापून घेतील. मुलीने स्वतःचं पत्रक रेघा मारून तयार केलंय. पहिली सही माझ्या त्याच मित्राची आहे, फेरीला १० रुपये. खाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘सोबत कुत्रं आलं तर त्याचेही.’

आपला,
शनिवार पेठेतील एक वाचक, सातारा